एक किलो तांबं आणि दोन नंबरची भट्टी

एक किलो तांबं, चार लिटर पाणी आणि कॅन्टीनमधली चहाची स्टीलची टाकी, एवढ्या सामानावर मी आमच्या प्लांट मॅनेजरना त्यांच्याच भट्टीसमोर चूक ठरवलं. 'हे मी मिरवायला लिहीत नाही' असं म्हणायची पद्धत आहे. मी मिरवायलाच लिहिते आहे. सव्वीस वर्षांच्या नोकरीत 'मॅडम, हे तुम्ही बरोबर केलंत' असं कोणी म्हटलं नाही की ते काम शेवटी आपलं आपल्यालाच करावं लागतं.

जबलपूरला रांझीच्या पुढे एका खासगी हीट ट्रीटमेंटच्या कारखान्याची लॅब मी सांभाळत होते. कारखान्याचं नाव सांगत नाही. मालक अजूनही बाजारात दिसले की नमस्कार करतात, आणि तो नमस्कार मला टिकवायचा आहे. वडील मोठ्या सरकारी कारखान्यात होते, त्यामुळे भट्टी, शिफ्ट, पोलाद हे शब्द आमच्या घरात पोळी-भाजीसारखे होते. बी.एस्सी. झाल्यावर माझ्या मैत्रिणी शाळेत शिकवायला लागल्या आणि मी तेलाच्या धुरात गेले. आईला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

आमचं काम थोडक्यात सांगते. पोलादाची वस्तू घडवून झाली म्हणजे ती तयार झाली असं नसतं. तिला ठरावीक तापमानापर्यंत तापवायचं, मग एकदम तेलात विझवायचं, मग पुन्हा हलकं तापवायचं. गावाकडचा लोहार याला पाणी पाजणं म्हणतो. यात सगळं अवलंबून असतं ते तापमानावर. कमी तापलं तर वस्तू मऊ राहते, जास्त तापलं तर आतले कण फुगतात आणि ती काचेसारखी तडकते. आमच्याकडे एक रसवंतीवाला चरकाचे रूळ घेऊन यायचा आणि दर वेळी म्हणायचा, "दीदी, जितना कड़क हो सके." कडक म्हणजे मजबूत नव्हे, हे त्याला समजावता समजावता माझे केस पांढरे झाले. भेडाघाटचे संगमरवर कोरणारे एक म्हातारे कारागीर छिन्न्या आणायचे. त्यांना पडद्यावरचा आकडा नको असायचा. भट्टीच्या दाराशी डोळ्यांवर हाताची सावली धरून उभे राहायचे आणि रंग मनासारखा झाला की "बस" म्हणायचे. मी चोरून आकडा बघायचे, तर तो दहा अंशांच्या आत असायचा. लॅबमध्ये येऊन मी हे गमतीची गोष्ट म्हणून सांगायचे.

आता ढोमण्यांबद्दल. वासुदेव ढोमणे हे दोन नंबरच्या भट्टीचे ऑपरेटर. मूळचे भंडाऱ्याकडचे, पण जन्म रांझीतलाच. माझ्याहून चार वर्षांनी लहान, तरी मी त्यांना ढोमणेभाऊ म्हणायचे आणि ते मला ताई. माणूस कमी बोलायचा. तेलाच्या धुराची मात्र त्यांना कायम तक्रार असायची. खोकला यायचा, आणि धूर ओढणारा पंखा दुरुस्त करा म्हणून ते दर महिन्याला सांगायचे. ही तक्रारच पुढे त्यांच्या अंगाशी आली.

माझ्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं तेव्हा आमच्याकडे पुण्याहून कर्णिक साहेब मॅनेजर म्हणून आले. मदन महलला फ्लॅट घेतला, आणि पहिल्याच आठवड्यात दोन्ही भट्ट्यांना नवे डिजिटल कंट्रोलर बसवले. मोठे हिरवे आकडे, दर मिनिटाची नोंद थेट संगणकात. साहेब हुशार होते, हे मी आजही म्हणते. त्यांचा दोष एवढाच की पडद्यावर जे दिसतं ते घडलेलंच असतं, अशी त्यांची खात्री होती.

त्यानंतर महिनाभरात एक दिवस ढोमणेभाऊ लॅबच्या दारात उभे राहिले. म्हणाले, "ताई, दोन नंबर लाल नाही राहिली. नारंगी दिसून राहिली."

मी त्यांना घेऊन पडद्यापाशी गेले. आठशे पन्नास. मी म्हटलं, बघा भाऊ, आहे की बरोबर. ते आकड्याकडे बघत राहिले, 'अच्छा' म्हणाले आणि गेले. दर पंधरा दिवसांनी भट्टीचं तापमान पडताळलं असं रजिस्टरमध्ये लिहून सही करायची जबाबदारी माझी होती. त्या आठवड्यातही मी सही केली. पडताळलं म्हणजे काय, तर पडद्यावरचा आकडा बघून वहीत उतरवला. माझ्याकडचं पिस्तुलासारखं तापमापक पाचशेच्या पुढे जात नव्हतं, ही सबब होती. ती सबब मला तेव्हा पुरेशी वाटली, आज वाटत नाही.

दोन आठवड्यांनी ट्रॅक्टर-ट्रॉली जोडायच्या पिनांची एक खेप ग्राहकाकडून परत आली. बऱ्याच पिनांना तडे होते. रस्त्यात अशी पिन तुटली तर भरलेली ट्रॉली मागच्या माणसांवर जाते. कर्णिक साहेबांनी संगणकातला आलेख काढला. आठशे पन्नासची सरळ रेघ, कुठे खड्डा नाही की उंचवटा नाही. म्हणजे भट्टी बरोबर, म्हणजे चूक विझवताना झाली, म्हणजे चूक माणसाची. ती खेप ढोमण्यांनी दुसऱ्या पाळीत एकट्यानं काढली होती. पोलाद तेलाऐवजी पाण्यात विझवलं तर नेमके असेच तडे जातात, आणि तेलाच्या हौदाशेजारी पाण्याचा हौद होताच. धुराचा त्रास होतो म्हणून यांनी पिना पाण्यात बुडवल्या, असं साहेबांनी ठरवलं. ढोमण्यांना घरी बसवलं आणि सोमवारपर्यंत लेखी कबुली द्या, नाहीतर कामावरून काढू, असं सांगितलं. सोमवारला सहा दिवस होते.

मी एक पिन हातोड्यानं तोडली. बरोबर तापलेल्या पोलादाचं तुटलेलं तोंड राखाडी, मऊ दिसतं. हिचं खडीसाखरेसारखं चमकत होतं. हे पाणी नव्हतं, ही जास्तीची आच होती. भिंगाखाली पाहिलं, कण फुगलेले. पिन घेऊन मी साहेबांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले की ग्राहकानं दिलेलं पोलादच जाड कणांचं असेल, भट्टीचा रेकॉर्ड समोर आहे, आणि बाहेरून तपासणीवाले बोलावले तर ग्राहकाला संशय येईल. एक नंबरच्या भट्टीतलं थर्मोकपल काढून दोन नंबरला लावून बघू, म्हटलं तर चालू उत्पादन थांबवता येणार नाही म्हणाले. थर्मोकपल म्हणजे भट्टीच्या आत राहणारी तापमान सांगणारी सळई.

त्या संध्याकाळी मी ढोमण्यांकडे गेले. त्यांची मुलगी चहा घेऊन आली. तिला मराठी सगळी कळते, उत्तर मात्र हिंदीत देते. मी तिला विचारलं, बाबा जेवले का, तर म्हणाली, "सुबह से कुछ नहीं खाया, मौसी." ढोमणेभाऊ खाटेवर बसून होते. मी त्यांना पिनेच्या तोंडाबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, मी तुम्हाले सांगितलं होतं."

मी हो म्हटलं. परत येताना मला इतकी लाज वाटत होती की बसमधून एक थांबा आधीच उतरले.

तापमापक न वापरता भट्टीचं तापमान कसं काढायचं, याचं उत्तर कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगवहीत होतं. गरम वस्तू थंड पाण्यात टाकली की ती जेवढी उष्णता गमावते तेवढी पाणी कमावतं. वस्तूचं वजन, पाण्याचं वजन आणि पाणी किती अंश चढलं, हे माहीत असलं की वस्तू आधी किती तापलेली होती हे लपून राहत नाही. कॉलेजात आम्ही तांब्याच्या छोट्या भांड्यात, पितळेच्या गोळ्यावर हे करायचो आणि उत्तर आधीच माहीत असल्यामुळे आकडे जुळवून घ्यायचो. इथे उत्तर कोणालाच माहीत नव्हतं.

पिन तशीच टाकून चाललं नसतं. पोलाद तापताना मध्येच आतून बदलतं आणि त्या बदलातही उष्णता खातं, त्यामुळे हिशोब फसतो. तांबं सरळ आहे. आमचा इलेक्ट्रिशियन तिवारी यानं भंगारातल्या जाड तांब्याच्या पट्टीतून मला बरोबर एक किलोचा ठोकळा कापून दिला आणि भोक पाडून त्यात तार ओवली. कॅन्टीनवाल्याकडून दुहेरी भिंतीची टाकी मागून आणली. टाकी स्वतःही थोडी उष्णता खाते. ती किती, हे मी आधी मोजलेलं गरम पाणी ओतून काढलं. दोनशे ग्रॅम पाण्याएवढी निघाली. या सगळ्याचा मेळ असा बसला, की पाणी एक अंश चढलं म्हणजे तांबं बेचाळीस अंश उतरलं. माझ्या काचेच्या तापमापकावर अंशाचा दहावा भाग दिसायचा. म्हणजे चार-पाच अंशांचा फरक मला कळणार होता.

बुधवारी मी साहेबांना बोलावून त्यांच्या समोर हा प्रयोग केला, आणि तो पार फसला. ठोकळा अर्धा तास भट्टीत ठेवला, लांब लोखंडी आकडीनं ओढून काढला आणि दहा पावलांवर ठेवलेल्या टाकीपर्यंत नेला. पाणी फुसफुसलं, वाफ माझ्या चष्म्यावर आली, थोडं पाणी बाहेर उडालं. हिशोब केला तर आठशे एक्केचाळीस. साहेब हसले नाहीत, त्यांनी फक्त पडद्याकडे बोट केलं. आठशे पन्नास. "मॅडम, तुमच्या चहाच्या टाकीनंही माझंच म्हणणं सिद्ध केलं," ते म्हणाले. "आता हे बंद करा. भट्टीत तांबं टाकायची परवानगी मी पुन्हा देणार नाही."

मी लॅबमध्ये जाऊन बसले. डोळे भरून आले होते, रागानं. अर्ध्या तासानं राग थोडा निवला तेव्हा साधी गोष्ट लक्षात आली. दहा पावलं चालताना ठोकळा थंड झाला. वाफेबरोबर उष्णता गेली. म्हणजे जे पाण्यात पोचलं ते मूळच्यापेक्षा कमीच होतं. इतकी गळती होऊनही आकडा आठशे एक्केचाळीस आला असेल, तर भट्टी आठशे पन्नासवर नक्कीच नव्हती. मी कपाळावर हात मारून घेतला. साहेबांसमोर हे सुचलं असतं तर काय हवं होतं. पण मला भांडण नेहमी घरी गेल्यावर सुचतं.

गुरुवारी सुट्टी घेतली, बडा फुहाऱ्याच्या बाजारात जाऊन एक जाड घोंगडी आणली आणि टाकीला शिवून टाकली. झाकणाला फट पाडली. टाकीच्या आत जाळीची टोपली टांगली, म्हणजे ठोकळा तळाला न लागता पाण्याच्या मध्ये राहील. शुक्रवारी साहेब जेवायला घरी गेले तेव्हा टाकी सरळ भट्टीच्या दाराखाली नेऊन ठेवली. परवानगी नव्हती. मी मागितलीही नाही. माझ्या मदतीला तिवारी होता.

आधी एक नंबरची भट्टी घेतली. तिची तपासणी बाहेरच्या लोकांनी नुकतीच केली होती, त्यामुळे तिच्या आकड्यावर माझा विश्वास होता. ही माझ्या पद्धतीची परीक्षा होती. पाणी अठ्ठावीस अंशांवर. तिवारीनं ठोकळा ओढला आणि तीन-चार सेकंदांत फटीतून आत. मी हलवत राहिले. पाणी अठरा पॉइंट आठ अंश चढलं. पाण्याचं शेवटचं तापमान मिळवून हिशोब आठशे छत्तीस. पडद्यावर आठशे पन्नास. म्हणजे माझी पद्धत चौदा अंश खाते, हे कळलं.

मग दोन नंबर. तोच ठोकळा, नवं पाणी, तेवढंच, अठ्ठावीस अंशांवर. पडद्यावर आठशे पन्नास. पाणी वीस पॉइंट दोन चढलं. मी कागदावर गुणाकार केला, मग दुसऱ्यांदा केला. आठशे सत्त्याण्णव. त्यात खाल्लेले चौदा मिळवले तर नऊशे दहाच्या वर. मी कागद तिवारीला दाखवला. त्यानं भट्टीच्या माथ्याकडे पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "दीदी, ऊपर का ढक्कन खोल दूँ? एक चीज़ दिखानी है."

भट्टीच्या माथ्यावर, जिथून थर्मोकपल बाहेर येतं, तिथलं झाकण त्यानं उघडलं. आत घरातल्या पंख्याला लावतात तशी लाल-काळी साधी तार जोडलेली होती. नवा कंट्रोलर बसवताना जुनी खास केबल अपुरी पडली. स्टोअरमध्ये नवी नव्हती. तिवारीनं दोनदा मागणी लिहून दिली, साहेब म्हणाले आजच चालू करा, आणि यानं असेल ती तार जोडली. आकडा उमटला, सगळे खूश.

यातली गोम बाहेरच्या माणसाला सांगायला हवी. थर्मोकपल भट्टीचं तापमान सांगत नाही. भट्टीची आच आणि त्याची तार जिथे संपते त्या जागेची आच, यांतला फरक सांगतं. खास केबल असली की ती जागा थंड पॅनेलपर्यंत येते. साधी तार जोडली की ती जागा भट्टीच्या माथ्यावरच राहते, जिथे हात ठेवला तर फोड येईल. तेवढा फरक कमी दिसतो. पडदा कमी दाखवतो, म्हणून कंट्रोलर आच वाढवत राहतो. पडदा आठशे पन्नास म्हणेपर्यंत पिना भाजून निघालेल्या असतात.

साहेब जेवून आले. मी त्यांना भट्टीपाशीच थांबवलं आणि दोन्ही आकडे सांगितले. पहिल्यांदा त्यांनी विचारलं की परवानगी कोणी दिली. मग म्हणाले, "तुमच्या पद्धतीत उष्णता वाया जाते हे तुम्हीच कबूल करता. मग आठशे सत्त्याण्णववर मी विश्वास का ठेवायचा?"

या प्रश्नासाठी मी दोन दिवस तयारी केली होती. मी म्हटलं, "वाया जाते म्हणूनच ठेवा, साहेब. वाया गेलेली उष्णता माझा आकडा खाली ओढते, वर ढकलत नाही. माझी चूक जितकी मोठी, तितकी तुमची भट्टी जास्त तापलेली."

ते थांबले. माणूस हुशार होता, म्हणूनच थांबला. मग वर गेले, तार पाहिली, खाली आले आणि तिवारीकडे बघून मला म्हणाले, "रिपोर्ट लिहा. इलेक्ट्रिशियनचा निष्काळजीपणा."

म्हणजे एका माणसाच्या मानेवरचं जू काढून दुसऱ्याच्या मानेवर ठेवायचं. मी लॅबमध्ये जाऊन रिपोर्ट लिहिला. त्यात तार लिहिली, तारेची मागणी दोनदा झाली होती आणि 'आजच चालू करा' असा साहेबांचा हुकूम होता हेही लिहिलं. शेवटी आणखी दोन ओळी घातल्या. ऑपरेटर ढोमणे यांनी भट्टीचा रंग बदलल्याचं दोन आठवडे आधी तोंडी सांगितलं होतं. पडताळणीची जबाबदारी माझी होती, मी न पडताळता सही केली.

साहेबांनी वाचून कागद परत सरकवला. म्हणाले, "मॅडम, या शेवटच्या ओळी काढा. रिपोर्टमध्ये भावना नकोत. शिवाय हे तुमच्याच रेकॉर्डवर येईल."

"भावना नाही, निरीक्षण आहे," मी म्हटलं. "या ओळी गेल्या तर माझी सहीही जाईल. मग रिपोर्ट तुम्ही लिहा."

सहीशिवाय रिपोर्ट ग्राहकाकडे जात नाही, आणि सही करणारं लॅबमध्ये दुसरं कोणी नव्हतं. रिपोर्ट ओळींसकट गेला. मला एक मेमो मिळाला: परवानगीशिवाय भट्टीत परका धातू टाकल्याबद्दल खुलासा करा. मी खुलासा एका वाक्यात दिला, की धातू टाकला आणि त्यामुळे तापमान कळलं. पगारवाढ त्या वर्षी झाली नाही. तिवारीचं काम टिकलं, खास केबल दुसऱ्याच दिवशी आली आणि बसली.

सोमवारी ढोमणेभाऊ आले. ऑफिसात त्यांच्यासाठी एक पत्र तयार होतं. कबुलीची मागणी मागे घेतल्याचा त्यात शब्द नव्हता. 'आपल्याला कामाची आणखी एक संधी देण्यात येत आहे' असं हिंदीत टाइप केलेलं होतं आणि खाली सहीची जागा. मी तिथेच उभी होते, कारण रिपोर्ट त्यांना वाचून दाखवायचा होता. इंग्रजी होता म्हणून मी मराठीत सांगत गेले. शेवटच्या दोन ओळीही सांगितल्या. त्यांनी मान हलवली. राग गेला होता की नाही, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं नाही, आणि विचारायचा मला हक्कही नव्हता.

मग त्यांनी साहेबांचं पत्र उचललं, सावकाश वाचलं आणि टेबलावर ठेवलं.

"संधी काहून, साहेब? मी चुकलो नाही. मी कामावर आलो."

साहेबांनी पेन पुढे केलं. म्हणाले, औपचारिकता आहे, सगळ्यांनाच करावी लागते. ढोमण्यांनी पेनाकडे पाहिलंही नाही. खुंटीवरचे हातमोजे घेतले, घातले आणि दोन नंबरकडे निघून गेले. त्या दिवशी भट्टीचं दार त्यांनीच उघडलं, आणि आत बघून मला हाक मारली. मी गेले. लाल होती.

ते पत्र साहेबांनी दोनदा त्यांच्याकडे पाठवलं आणि दोन्ही वेळा तसंच परत आलं. मी निवृत्त झाले तेव्हा ते फायलीत माझ्या रिपोर्टच्या खालीच लावलेलं होतं. माझ्या कागदावर माझी सही आहे. त्यांच्या कागदावर त्यांची नाही.